काडी कोणाची, रान कोणाचे?

फाल्गुन लागला की गिरडच्या आसपासची राने बोडकी होऊ लागतात. साग आपली ताटाएवढी पाने एकेक करून खाली टाकतो. त्याच्यामागोमाग तेंदू, धावडा, मोहही मोकळे होतात. वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, समुद्रपूर तालुक्यात हे गाव वसले आहे. एका अंगाला कापसाची काळी जमीन, दुसऱ्या अंगाला खुर्सापारकडचे जंगल. महिनाभरात त्या जंगलाच्या जमिनीवर घोटा बुडेल इतका पाचोळा साठतो, ऊन चढते, वारा सुटतो आणि मग कोणत्या तरी रात्री टेकडीच्या अंगावर तांबूस रेघ सरकताना दिसते. शेतावर जागलीला गेलेला माणूस ती पाहतो आणि कूस बदलतो. वणवा त्याला नवा नाही. तो दर साली येतो.

'दर साली येतो' ह्या शब्दांशीच आमचे भांडण आहे. वणवा येत नाही, तो आणला जातो. आपल्याकडे वीज कोसळते ती बहुधा पावसाला बरोबर घेऊन. फांदीवर फांदी घासून ठिणगी पडते असे आपण शाळेत ऐकलेले असले, तरी भारतातील जवळजवळ सर्व वणव्यांच्या मुळाशी माणसाचा हात असतो, असेच वनखाते व ह्या विषयाचे अभ्यासक सांगत आले आहेत. तो हात कोणाचा, आणि काडी ओढताना त्या हातामागचे मन काय करीत होते, हा प्रश्न वनखात्याच्या पंचनाम्यात मावणारा नाही. तो नीतीचा प्रश्न आहे, आणि आपल्या मुलांना आपण काय शिकवतो ह्याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

गिरडचे नाव विदर्भात सर्वतोमुखी आहे ते तेथील टेकडीवरील दर्ग्यामुळे. ख्वाजा शेख फरीद ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या स्थानावर मुसलमान आणि हिंदू अशी दोन्हीकडची माणसे पिढ्यानपिढ्या नवस फेडायला येतात. टेकडीवर सुपारीसारखे, जायफळासारखे दिसणारे गोल दगड सापडतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना काळ्या बेसाल्ट खडकाच्या पोकळीत तयार झालेल्या खनिजाच्या गाठी म्हणतात. लोककथा वेगळे सांगते. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी ह्या साधूची टवाळी केली, त्यासरशी त्यांच्या गोण्यांतील सारा माल दगड होऊन गेला. ही कथा मध्य प्रांताच्या जुन्या गॅझेटियरमध्येही नोंदली गेली आहे, आणि येथवर ती पुष्कळांना ठाऊक असते. पुढचा भाग मात्र सांगताना गळून जातो. व्यापारी शरण आले, त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा साधूने त्यांना नवा माल करून दिला. आणि तो कशापासून, तर वाळलेल्या पानांपासून. ते पाहून दोघे व्यापारी कायमचे त्याच्या सेवेत राहिले, आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच असे म्हणतात.

ही कथा आम्ही इतिहास म्हणून सांगत नाही. पण ज्या कोणी ती पहिल्यांदा रचली, त्याला जंगलाचा व्यवहार नीट समजला होता असे वाटते. जंगलाची सारी मिळकत खरोखरच वाळलेल्या पानांची असते. पाचोळा कुजतो, वाळवी आणि गांडुळे त्याची माती करतात, त्या मातीत पावसाचे पाणी वाहून न जाता मुरते, आणि त्या ओलीवर पुढच्या वर्षीचे रोप उभे राहते. आपण ज्याला कचरा म्हणतो ती झाडाची पुरचुंडी असते. वणवा ती पुरचुंडी जाळतो. आपल्याकडचा वणवा परदेशातील चित्रांत दिसतो तसा झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही, तो जमिनीलगत सरपटतो. म्हणूनच तो फसवा आहे. महिन्याभराने सागाला नवी पालवी फुटते आणि पाहणाऱ्याला वाटते, काही बिघडले नाही. बिघडलेले असते ते गुडघ्याच्या खाली: बोटभर उंचीची रोपे, तित्तर-लाव्यांची जमिनीवरची अंडी, पळता न येणारी सशाची पिल्ले, कासव, सरडा, आणि ती माती.

आता काडी ओढणाऱ्याकडे वळू. 'मुद्दाम लावलेली आग' असे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे कोणी दुष्ट माणूस उभा राहतो. गिरडच्या किंवा बोरच्या, उमरेडच्या किंवा नागझिऱ्याच्या जंगलात असा दुष्ट माणूस शोधू गेलो तर बहुधा निराशा पदरी येते. सापडते ती पहाटे चारला टोपले घेऊन निघालेली एखादी आजी. मार्च-एप्रिलात मोहाची फुले रात्रीतून गळतात आणि उजाडता उजाडता वेचावी लागतात, नाहीतर ती उन्हाने सुकतात किंवा हरणे आणि अस्वले खाऊन जातात. मोहाचे फूल फिक्या रंगाचे, पाचोळाही तशाच रंगाचा. पाचोळ्यातून फूल शोधत बसले तर हाती पायलीभरही लागायचे नाही. म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा पेटवून दिला जातो. जमीन काळी होते, तिच्यावर फूल मोत्यासारखे दिसते. तिच्या सासूने असेच केले, सासूच्या सासूनेही असेच केले. झाडाखालची आग विझली की नाही हे पाहायला दुपारी कोणी थांबत नाही. तिला झाडाखालचा पाचोळा जाळायचा होता. अभयारण्य जाळायचे नव्हते. मग ही आग मुद्दाम लावलेली म्हणावी की नाही?

तेंदूपत्त्याचे गणित याहून कठोर आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर झुडपे जाळली तर मुळातून नवे, कोवळे, बिडीला हवे तसे पान फुटते. मे महिन्यात पत्त्याच्या पुडक्यांवर घरचा पावसाळा निघतो. आग न लावता धारदार कोयत्याने झुडपे जमिनीलगत छाटली, ज्याला आपल्याकडे खुटकटाई म्हणतात, तरी तसेच पान मिळते. पण खुटकटाईला मजुरी लागते आणि काडीला लागत नाही. गुरे राखणारा गवतासाठी जाळतो, कारण जळलेल्या गवताच्या ठोंबाला लवकर हिरवे कोंब फुटतात. वर्धा जिल्हा हा गवळाऊ गाईंचा प्रदेश. येथे गवताचे महत्त्व कोणाला शिकवावे लागत नाही. आणखी एकजण शिकारीसाठी जाळतो, त्याच्याबद्दल फारसा विचार करण्याची गरज नाही. शेवटी तो तरुण, जो काहीच कारण नसताना जाळतो. सहलीला आलेला, बिडी-सिगारेटचे थोटूक फेकणारा, किंवा नुसती पेटलेली रांग पाहण्याची हौस असलेला. मे २०२४ मध्ये उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात समाजमाध्यमावर टाकण्यासाठी जंगलाला आग लावतानाची चित्रफीत काढणाऱ्या तीन तरुणांना पोलिसांनी पकडले. ज्या काळी वणव्यामागे पोट होते त्या काळाची आठवण व्हावी, अशी ही नवी तऱ्हा आहे.

नीतिशास्त्राच्या दृष्टीने ही सारी माणसे एका रांगेत उभी करता येत नाहीत. परंतु ती पूर्णपणे वेगळीही काढता येत नाहीत. संत थॉमस अक्विनास ह्यांनी तेराव्या शतकात ह्या प्रश्नाची उकल केली आहे. एखाद्या कृत्याचा परिणाम कर्त्याने आधीच जाणला असेल तर त्या परिणामाचा भार कृत्यावर पडतो, हे उघडच आहे. पण कर्त्याने तो जाणला नसेल तर? तेव्हा ते विचारतात, हा परिणाम त्या कृत्यातून स्वभावतःच आणि बहुधा निघणारा आहे काय? तसा असेल तर 'माझ्या मनात नव्हते' एवढ्याने सुटका होत नाही. क्वचित, अपघाताने घडणारा असेल तर गोष्ट निराळी. फाल्गुनातल्या वाऱ्यात, घोटाभर पाचोळ्यात लावलेली आग पसरणे हा अपघात आहे, असे म्हणण्याचे धाडस जंगलाच्या कडेला वाढलेल्या कोणाही माणसाला होणार नाही. आमच्या मते त्या आजीचा दोष लहान आहे, पण तो आहे. सहलीच्या तरुणाचा दोष तिच्याहून पुष्कळ मोठा आहे, कारण त्याला आग नको असती तर काहीच गमवावे लागणार नव्हते.

बायबलमधील निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात आगीविषयी एक छोटा नियम आहे, जो आपल्या प्रवचनांत फारसा ऐकू येत नाही. आग भडकून काटेरी कुंपणाला लागली आणि तीत दुसऱ्याच्या पेंढ्या, उभे पीक किंवा शेत जळाले, तर ज्याने ती पेटवली त्याने भरपाई करावी, असा त्याचा आशय. ह्या नियमात पेटवणाऱ्याच्या हेतूची चौकशी नाही. त्याला दगडमार किंवा फटकेही सांगितलेले नाहीत. नुकसान कोणी केले आणि ते भरून कोण देणार, एवढेच विचारलेले आहे. रानावनाजवळ राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या समाजातून आलेला हा नियम आहे. (संत याकोबानेही जिभेची तुलना मोठे रान पेटवणाऱ्या लहानशा ठिणगीशी केली. कोरड्या डोंगरांच्या मुलखात राहणाऱ्यालाच अशी उपमा सुचते.) पापनिवेदनाला जाणाऱ्याला चोरलेली वस्तू परत करायला सांगतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे: पश्चात्ताप पुरेसा नाही, परतफेड हवी. पेंढ्या जळाल्या तर त्यांचा धनी समोर असतो. जंगल जळाले तर परतफेड कोणाला करायची? तित्तराला? बोटभर सागाच्या रोपाला?

कायद्याने ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले आहे, आणि ते फारसे समाधानकारक नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमान्वये राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे ३० वे कलम अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने आग पेटवण्यास किंवा जळती सोडून जाण्यास मनाई करते. येथवर ठीक. पण त्याच २६ व्या कलमात आणखी एक तरतूद आहे. हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर शासन त्या जंगलातील चराईचे आणि वनोपजाचे सर्वांचेच हक्क काही काळ स्थगित करू शकते. म्हणजे काडी एकाने ओढायची आणि गावभराच्या गाई उपाशी राहायच्या. भय दाखवून गावाला राखणदार करण्याचा हा साम्राज्यकालीन विचार आहे. त्याने राखणदार तयार होतात की तोंड मिटून बसणारे साक्षीदार, हे सांगायला नको.

येथेच 'रान कोणाचे' हा दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मते तोच अधिक खोल आहे. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातील बोरीच्या सागवनात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी वणव्यापासून संरक्षण देण्याचा यशस्वी प्रयोग केला आणि तो पुढे देशभर नेला. सागाचे त्यात कल्याण झाले असेल. परंतु त्याच सुमारास रान 'सरकारी' झाले, आणि ज्याचे होते त्याच्या मनातून ते उतरले. १९२१ साली कुमाऊँच्या लोकांनी नव्या वननियमांच्या रागाने चीडवृक्षांची राने हेतुपुरस्सर पेटवली. १९३० साली आपल्या विदर्भात लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला, तेव्हा हाती विळे होते, काडी नव्हती. हा फरक आम्हांस फार मोलाचा वाटतो. राग दोन्हीकडे होता. विळ्याने गवत कापणाऱ्याने स्वतःचे नाव दिले आणि तुरुंग पत्करला. काडी लावणारा अंधारात पळून गेला. आजही वाघाने गाय मारली, रानडुकरांनी तूर उध्वस्त केली, भरपाईच्या कागदाला सहा महिने लागले, की कोणाच्या तरी मनात काडीचा विचार येतो. गिरड-खुर्सापार भागात वाघांचा वावर असल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत वारंवार येत असतात. २०१२ साली झालेले उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य तेथून दूर नाही, आणि वर्धा जिल्ह्यातलेच बोर, जे १९७० पासून अभयारण्य आहे, २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. शहरातल्या आपल्यासारख्यांना वाघ आनंदाचा विषय आहे. ज्याच्या गोठ्याला कुडाचे दार आहे त्याला तो रोजचा घोर आहे. त्याच्या रागाची दखल न घेता त्याच्या मुलाला 'वृक्ष आपले मित्र' शिकवणे, ही आम्हांस एक प्रकारची अप्रामाणिकता वाटते.

रान आपले झाले तर काय घडते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ह्या गावाला आणि २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाला सामूहिक वनहक्क मिळाले. पाचगावच्या ग्रामसभेने जो निर्णय घेतला तो सर्व नीतिशास्त्राच्या वर्गांत शिकवावा असा आहे. त्यांनी तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. पत्त्यासाठी झुडपे छाटली जातात, राने जाळली जातात आणि झाडाला फळ धरत नाही, ते फळ माणसांनाही हवे आणि पाखरांनाही, असे त्यांचे म्हणणे. उत्पन्नासाठी त्यांनी बांबूवर भर दिला. गरीब माणसाला पर्यावरण परवडत नाही, असे आपण सुखवस्तू लोक मोठ्या समजूतदारपणे म्हणत असतो. पाचगावच्या लोकांनी ते कोणालाही न विचारता खोटे ठरवले.

वर्ध्याचेच एक ख्रिस्ती रहिवासी ह्या संदर्भात आठवतात. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा मगनवाडीत राहून ग्रामोद्योगाचे काम करीत, आणि तुरुंगात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' ह्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी माणसाच्या व्यवहाराच्या पायऱ्या निसर्गातील उदाहरणांनी मांडल्या. काही न लावता फळे ओरबाडणारे माकड खालच्या पायरीवर. पोळ्यासाठी राबणारी आणि फिरता फिरता फुलांना परागही पोचवणारी मधमाशी पुष्कळ वर. मोहाचे फूल वेचण्यासाठी झाडाखाली आग लावणारा माणूस ह्या मापाने कोठे बसतो? फूल तो घेतो, झाड तोडत नाही. म्हणून वरवर तो मधमाशीसारखा दिसतो. पण जुन्या मोहाखाली नजर टाकावी. दरसालच्या आगीने तेथे एकही बाळरोप राहिलेले नसते. म्हातारी झाडे फुलत आहेत, आणि त्यांच्या मागे कोणी नाही. नातवंडांच्या वाटचा मोह आजी आज वेचीत आहे, आणि हे तिला कोणी सांगितलेले नाही. सांगितले तर तिला समजणार नाही असे मानणे हा तिचा अपमान आहे. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फूल स्वच्छही मिळते, त्याला भावही बरा येतो. हे काही ठिकाणी सुरू झाले आहे.

आता मुलांकडे येऊ. आपल्या शाळांत वणव्याविषयी काही शिकवले जात नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणशिक्षणाचा आग्रह धरल्यापासून त्याचे धडे सर्वत्र आहेत. चित्रकलेच्या तासाला जळणारे जंगल आणि रडणारे हरीण काढले जाते. असे चित्र काढून मूल काय शिकते? आग वाईट असते, आणि ती लावणारी माणसे वाईट असतात. ह्यातील पहिले अर्धवट खरे आहे. वनखाते स्वतःच हिवाळ्यात जाळरेषा घेते. जंगलातून लांब पट्टे साफ करून त्यावरचे गवत-पाला राखणीत जाळून टाकते, म्हणजे पुढे वणवा त्या रिकाम्या पट्ट्यापाशी अडावा. जंगलाकाठच्या मुलाने हे पाहिलेले असते. "साहेब जाळते तं चालते, आमी जाळलं तं गुन्हा?" असा प्रश्न त्याने केला, तर चित्रातले रडणारे हरीण त्याला उत्तर देऊ शकणार नाही. उत्तर असे आहे की वेळ, वारा, जागा आणि विझेपर्यंत उभे राहणारी माणसे ह्यांनी आगीचे रूप बदलते. पास्काच्या रात्री आपण मंदिराबाहेर नवा अग्नी पेटवतो तोही राखणीतला असतो. कोणीतरी पाण्याची बादली घेऊन बाजूला उभा असतोच. अमेरिकेत १९४४ पासून टोपी घातलेल्या अस्वलाचे चित्र दाखवून मुलांना शिकवले की जंगलातील प्रत्येक आग हा शत्रू आहे. पुढे तेथील वनशास्त्रज्ञांनाच सांगावे लागले की सगळी आग दडपून टाकल्याने काही जंगलांत इंधन साचत गेले, आणि २००१ मध्ये त्या प्रचाराचे शब्द बदलले. मुलांना सोपे सांगण्यासाठी खोटे सांगू नये.

तरुणाच्या हातून आग लागलीच, तर काय करावे? अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात २ सप्टेंबर २०१७ रोजी एका पंधरा वर्षांच्या मुलाने कोलंबिया नदीच्या दरीत फटाका फेकला. सुमारे वीस हजार हेक्टर भूमी वणव्याच्या टापूत आली, दीडशेच्या आसपास गिर्यारोहक रात्रभर अडकून पडले. न्यायालयाने त्याला तुरुंगात घातले नाही. पाच वर्षांची देखरेख, वनखात्याकडे १,९२० तास श्रमदान, ज्यांना झळ पोचली त्यांना क्षमापत्रे, आणि तीन कोटी साठ लाख डॉलरांहून अधिक भरपाई. ती रक्कम तो जन्मात फेडू शकणार नाही हे न्यायाधीशांना ठाऊक होते. म्हणून दहा वर्षे नेमाने हप्ते भरले आणि वागणूक चांगली राहिली तर पुढची वसुली थांबवता येईल, अशी सोय ठेवली. ह्या निकालावर तेव्हा दोन्ही बाजूंनी टीका झाली. आम्हांस मात्र त्यात निर्गमातील तो जुना नियम ओळखू येतो. परतफेड कोणाला करायची ह्या आमच्या मघाच्या प्रश्नाला तेथे एक उत्तर मिळाले आहे: रानालाच, हातांनी, तासांच्या हिशेबाने.

हातांनी शिकण्याची गोष्ट वर्धा जिल्ह्याला तर परकी नसावी. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला, आणि सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम् ह्या दांपत्याने तो वर्षानुवर्षे चालवला. हस्तोद्योगातून ज्ञान, असे त्याचे सूत्र. सूतकताईच्या जागी आपण पाचोळा ठेवून पाहावा. आठवी-नववीच्या मुलांनी एका मोहाखाली पाचोळा झाडून बाजूला सारला, दुसऱ्याखाली जाळी अंथरली, आणि दोन्हीकडची फुले तोलली, तर आजीशी बोलायला त्यांच्याजवळ काहीतरी असेल. जळलेल्या आणि न जळलेल्या जमिनीचा हातभर चौकोन आखून रोपे मोजली, एकेक तांब्या पाणी ओतून ते किती वेळात मुरते ते पाहिले, तर गणितही झाले आणि धर्मशिक्षणही. कडुनिंबाच्या झाडाखाली रोज सकाळी पाचोळ्याचा ढीग पेटवणारा शाळेचा शिपाईही मग मुलांच्या नजरेस पडेल. तो कोणाच्या सांगण्यावरून पेटवतो, हेही ती विचारतील.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायला हवी, जी आपण नेहमी टाळतो. आग विझवायला कोण जाते? डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांवर नजर ठेवते, आता आगीचा ठिपका दिसल्यावर थोड्या वेळात संबंधितांच्या मोबाईलवर निरोप येतो. निरोप आला म्हणून आग विझत नाही. कोणीतरी रात्री चालत जातो, पाठीवर पाला उडवण्याचे यंत्र किंवा हातात नुसती हिरवी फांदी घेऊन. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात नागझिरा अभयारण्यातील आग विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला, आणखी दोघे होरपळले. ते अधिकारी नव्हते, कायम नोकरदार नव्हते. उन्हाळ्यापुरते रोजावर घेतलेले, त्याच जंगलाच्या परिसरातील लोक होते. आग लावणारा आणि आगीत मरणारा बहुधा एकाच पंचक्रोशीतले असतात, कधी एकाच आळीतलेही. पाचोळा जाळताना रानातले सशाचे पिल्लू डोळ्यांपुढे येत नसेल, तर निदान शेजारचा पोरगा यावा.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' लिहिले तेव्हा आपल्या बहुतेक धर्मग्रामांत त्यावर एखादे व्याख्यान झाले, वृक्षारोपण झाले, छायाचित्रे निघाली. वृक्षारोपण जुलैत होते. वसईच्या वाचकांनी तुंगारेश्वरच्या डोंगराकडे मार्चमध्ये एकदा पाहावे. तेही २००३ पासून अभयारण्य आहे, आणि गवताच्या उतारावर काळे पट्टे दिसले तर ते कोणत्या जिल्ह्यातील आजीने लावलेले नसतात. आमच्या पाहण्यात आलेली गोष्ट अशी की, शाळेचा निसर्ग आणि रानाचा निसर्ग ह्यांची वेळापत्रके एकमेकांशी कधी जुळतच नाहीत. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होऊन १५ जूनला संपतो असे महाराष्ट्रात धरले जाते. त्या चार महिन्यांत प्रथम परीक्षा असतात, मग निकाल, मग सुटी. हरित सेनेची टोपी कपाटात असते. शाळा उघडते तोवर पाऊस पडून राख वाहून गेलेली असते, आणि मुले पुन्हा खड्डे खणून रोपे लावायला निघतात, कित्येकदा त्याच जागी, जेथे मागच्या सालीही लावली होती.

जाळरेषेची कामे उन्हाळ्याआधी, थंडीच्या दिवसांतच उरकावी लागतात. तेव्हा स्नेहसंमेलने आटोपलेली असतात आणि परीक्षेला अवकाश असतो. जंगलाकाठच्या, आणि शहरातल्याही, शाळांनी त्या महिन्यातले दोन शनिवार वनरक्षकांना द्यावेत. गिरडच्या मुलांना तेथपर्यंत पायी जाता येईल. नागपूरहून येणाऱ्यांना एक बस लागेल, आणि बरोबर पाण्याच्या बाटल्या, विळे, खराटे.